झिप उघडली की मराठी नावांची भुतं का होतात

"अरे, तुझ्या प्रोग्रामने पुन्हा भुतं काढली." अर्धा श्रावण सरला की बडोद्याच्या दांडिया बाजारातून काकांचा हा फोन ठरलेला. आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका, वर्गणीच्या वह्या आणि फोटो स्कॅन करण्याचं काम काही वर्षं चाललंय. ज्याच्या घरात जे सापडेल ते तो स्कॅन करतो, फोल्डरची झिप करतो आणि पाठवतो. कोणी लॅपटॉपवरून, कोणी फोनवरून, एक वहिनी अहमदाबादेहून. माझा पायथनमधला छोटा प्रोग्राम त्या झिपा उघडतो, फायली वर्षावार लावतो आणि सगळ्यांची मिळून एक मोठी झिप करून ठेवतो. बडोदं असल्यामुळे निम्मी नावं मराठीत, निम्मी गुजरातीत आणि उरलेली स्कॅनरने स्वतःच्या मनाने ठेवलेली.

भुतं म्हणजे काय, तर 'गणपती' नावाच्या फाइलच्या जागी पंधरा चिन्हांची माळ दिसते: ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट काढलेला स्पॅनिश एन, डोक्यावर तिरकी रेघ दिलेला यू, पुन्हा अल्फा, पुन्हा एन. आतला फोटो ठणठणीत उघडतो, बिघडलेलं असतं ते फक्त नाव. ही अडचण मी तीन वेळा 'कायमची' सोडवली आहे, आणि तिन्ही वेळा ती परत आली. का आली ते सविस्तर लिहितो, कारण उत्तर शोधलं की बहुतेक ठिकाणी पहिलाच उपाय मिळतो आणि तो अर्धाच असतो.

आधी कारण. झिपमध्ये फाइलचं नाव म्हणजे नुसते बाइट असतात. ते कोणत्या लिपीसंकेतात वाचायचे हे सांगायला प्रत्येक नोंदीत एक खूण आहे, शून्यापासून मोजलेला अकरावा बिट. तो चालू असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या संकेतात आहे. बंद असेल तर ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं चिन्ह ते सांगणाऱ्या जुन्या तक्त्यात आहे असं समजायचं. हे कोडपेज १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेलं, झिप हा प्रकार १९८९ चा आणि यूटीएफ-८ ची ही खूण त्याच्या तपशीलपत्रात आली २००६ साली. म्हणजे सतरा वर्षं झिपला देवनागरी सांगायची अधिकृत सोयच नव्हती. त्या काळात काही साधनांनी नाव यूटीएफ-८ मध्ये लिहायला सुरुवात केली, पण खूण काही लावली नाही. पाकिटात पत्र मराठी, वर भाषेचा रकाना कोरा. पायथनचं झिपफाइल मॉड्यूल रकाना कोरा पाहतं आणि नियमाप्रमाणे ४३७ लावतं. त्याची यात काही चूक नाही.

देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं होतं. 'गणपती'त ग, ण, प, त आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून बाइट पंधरा. यातला पहिला बाइट कायम एकच, आणि तो ४३७ मध्ये अल्फा दिसतो. दुसरा दोनांपैकी एक: लाटवाला छोटा एन किंवा लाटवाला मोठा एन. व्यंजनं, स्वर, काना आणि ऱ्हस्व वेलांटी छोट्या एनच्या घरात. दीर्घ वेलांटीपासून पुढच्या मात्रा, हलन्त आणि आकडे मोठ्या एनच्या घरात.

गुजरातीचाही पहिला बाइट तोच, म्हणून अल्फा तिथेही आहे. पण दुसऱ्या जागी येते नकाराची कोपऱ्यासारखी खूण, नाहीतर अर्ध्याची खूण, तीच ती, एक भागिले दोन. म्हणजे नुसत्या भुताकडे पाहून फाइल मराठी की गुजराती हे सांगता येतं. काकांना हे एकदा दाखवलं तर ते आता फोनवर "यात सगळीकडे अर्धा अर्धा लिहिलंय, समोरच्या भाईंची दिसतेय" असं म्हणतात. फक्त दुसऱ्याच जागेकडे पाहायचं, तिसऱ्या नाही. 'गणपती'तल्या प चा तिसरा बाइटसुद्धा नकाराची खूण होऊन येतो आणि फसवतो.

हे निदान करताना आणखी एक ओळखून ठेवा. अल्फाच्या जागी तिरकी रेघ दिलेला छोटा ए आणि पुढे येनची किंवा चलनाची खूण दिसत असेल, तर गुन्हेगार ४३७ नाही. ते नाव दुसऱ्या कुठेतरी विंडोजच्या १२५२ कोडपेजातून फिरून, बिघडूनच झिपमध्ये शिरलंय. त्यावर खालचा इलाज चालत नाही. आणि १२५२ मध्ये पाच बाइटांना अर्थच नसल्यामुळे ते नाव शंभर टक्के परत मिळेलच असंही नाही. ४३७ चं तसं नाही. त्यात प्रत्येक बाइटला एक चिन्ह आणि प्रत्येक चिन्हाला एकच बाइट, म्हणून बिघडलेल्या नावातून मूळ बाइट एकही न सांडता परत निघतात. आपलं सगळं नशीब या एका गोष्टीवर आहे.

आता उपाय. पायथन ३.११ पासून झिप वाचण्यासाठी उघडताना मेटाडेटा-एन्कोडिंग नावाचा पॅरामीटर देता येतो. तिथे यूटीएफ-८ लिहिलं की खूण नसलेली नावं त्याप्रमाणे वाचली जातात, खूण असलेली तशीही यूटीएफ-८ मध्येच वाचली जातात. माझं पहिलं 'कायमचं' उत्तर हेच होतं, एका ओळीचं. एका वर्षी एका जुन्या झिपेत खरोखरच ४३७ मधलं, फ्रेंच इ असलेलं एक नाव निघालं. ते यूटीएफ-८ म्हणून वाचता येईना आणि त्या एका नावापायी अख्खी झिप उघडायलाच नकार. कोणाच्या तरी पॅरिसच्या सहलीचा एक फोटो, आणि त्याच्यामागे अडकलेल्या दोनेकशे स्मरणिका.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. झिप साधीच उघडायची, इन्फोलिस्टवरून एकेक नोंद घ्यायची, फ्लॅग-बिट्समध्ये २०४८ चा, म्हणजे तोच अकरावा, बिट बंद असेल तरच नाव ४३७ मध्ये एन्कोड करून (चिन्हांचे परत बाइट करून) यूटीएफ-८ मध्ये डीकोड करायचं (त्या बाइटांची नव्याने चिन्हं करायची), आणि जमलं नाही तर हात लावायचा नाही. बरोबर वाटतं ना? पुढच्या वर्षी पुन्हा फोन.

या खेपेला भुतं आमच्याच मोठ्या झिपेतून निघाली. झालं होतं असं: त्याआधीच्या वर्षी बिघडलेल्या नावांनिशी फायली डिस्कवर उतरल्या आणि तशाच मोठ्या झिपेत गेल्या. पायथन झिप लिहिताना नावात साध्या इंग्रजीपलीकडचं काही दिसलं की यूटीएफ-८ ची खूण इमानदारीने लावतो. त्याने अल्फा आणि एन इमानदारीने यूटीएफ-८ मध्ये लिहिले, खूणही लावली. आता रकाना भरलेला आहे, माहितीही खरी आहे, फक्त पत्रच बिघडलेलं आहे. बिट पाहून ठरवणारा माझा प्रोग्राम "खूण आहे, सगळं ठीक" म्हणून पुढे गेला.

म्हणून खुणेवर विसंबायचं नाही, नावाचीच परीक्षा घ्यायची. परीक्षा सोपी आहे. नाव ४३७ मध्ये एन्कोड करून पाहा. जमलं तर आलेले बाइट यूटीएफ-८ म्हणून डीकोड करून पाहा. तेही जमलं आणि उत्तरात देवनागरी किंवा गुजराती अक्षर आलं, तरच नवं नाव स्वीकारा. कुठेही अडलं तर जुनंच ठेवा. याची गंमत अशी की खरं मराठी नाव या चाचणीत पहिल्याच पायरीवर बाद होतं, कारण ४३७ मध्ये देवनागरी नाहीच. युनिकोडएन्कोडएरर येतो आणि नाव सुखरूप राहतं. इंग्रजी नाव दोन्ही पायऱ्या पार करून जसंच्या तसं बाहेर येतं. फ्रेंच इ दुसऱ्या पायरीवर अडतो. थोडक्यात, हे औषध निरोगी माणसाला दिलं तरी बाधत नाही, आणि दोनदा दिलं तरी चालतं. एरर पकडताना मात्र युनिकोडचे दोन एररच पकडा. सगळेच एरर गिळणारा एक्सेप्ट लिहिलात तर तुटलेल्या झिपा निमूट पुढे सरकतील.

तिसरी फजिती याच चाचणीतली. माझा प्रोग्राम फायली 'स्मरणिका' नावाच्या फोल्डरात टाकतो. म्हणजे मार्गाचा पहिला तुकडा शुद्ध मराठी आणि दुसरा तुकडा भूत. पूर्ण मार्ग एकदम ४३७ मध्ये घालायला गेलं की 'स्मरणिका'वरच एरर येतो आणि चाचणी म्हणते, नाव ठीक आहे. तिरप्या रेघेवर मार्ग तोडायचा, प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा आणि पुन्हा जोडायचा. एवढ्याशा गोष्टीत एक अख्खा रविवार गेला. संध्याकाळी सेवउसळ खायला सुद्धा बाहेर पडलो नाही, यावरून काय ते समजा.

नाव दुरुस्त केल्यावर फाइल बाहेर काढताना बरेच जण अडखळतात, ते असं. नवं मराठी नाव एक्स्ट्रॅक्टला दिलं की कीएरर येतो, अशी नोंदच नाही म्हणून. बरोबरच आहे, झिपच्या यादीत अजून भूतच नोंदलेलं आहे. नोंदीच्या वस्तूतलं फाइलनेम बदला आणि नाव न देता ती वस्तूच एक्स्ट्रॅक्टला द्या. तिच्यात ऑरिग-फाइलनेम म्हणून मूळ नाव जपलेलं असतं. पायथन उघडताना फाइलच्या तोंडाशी लिहिलेलं नाव त्याच्याशी पडताळतो. ते बदलायला जाऊ नका, नाहीतर दोन नावं जुळत नाहीत म्हणून बॅडझिपफाइल मिळेल.

"नाव फार लांब आहे" असा एरर येत असेल तर तेही बहुतेक याच रोगाचं लक्षण. लिनक्सवर नेहमीच्या ईएक्सटी-४ फाइलसिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हं बसतात. पण भूत झालेल्या नावातल्या प्रत्येक बाइटचं एक नवं चिन्ह बनतं आणि ते डिस्कवर दोन किंवा तीन बाइट खातं. मूळ तिनाचे सहा-सात होतात आणि मर्यादा चाळिशीच्या आसपासच संपते. 'सार्वजनिक गणेशोत्सव सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मुखपृष्ठ' हे नाव मुळात व्यवस्थित मावतं, भूत होऊन मावत नाही. नाव कापायच्या आधी भूत उतरवा.

एवढं झाल्यावर नावं वाचता येतात, पण जुळतात असं नाही. आमच्याकडे 'वऱ्हाड' नावाच्या दोन फोल्डरांनी मला वेड लावलं होतं. पडद्यावर दोन्ही सारखी, प्रोग्रामच्या लेखी वेगळी. आपला तो आडवा अर्धा र इथे आड येतो. 'ऱ' युनिकोडमध्ये एक अखंड चिन्ह म्हणून लिहिता येतो किंवा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा सुटा. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लससारख्या फाइलसिस्टिम नावं सुट्या रूपात साठवत, आणि तिथून निघालेल्या झिपेत ती तशीच येतात. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ आहे, त्यातलं एनएफसी, म्हणजे शक्यतो जोडलेलं, रूप घेतलं की दोन्ही एक होतात. पण काही कीबोर्ड तोच अर्धा र लिहायला साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. तो एनएफसीच्या आवाक्यातला नाही, बदल हाताने लिहावा लागतो. दुरुस्तीनंतर दोन नावं एक झाली तर पुढची फाइल मागचीवर चढते आणि पायथन चकार शब्द काढत नाही, म्हणून बाहेर काढण्याआधी ते नाव तिथे आहे का ते बघून घ्या.

नावांचं पुराण इथे थांबवतो. फोनवरची दुसरी नेहमीची तक्रार, "झिप झिपच नाही म्हणतो", हिला वेळ कमी लागतो. फाइलचे पहिले दोन बाइट बघा. पी आणि के असेल तर सुरुवात तरी झिपची आहे. ही फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं, हा प्रकार त्यांनीच काढला. सोळाअंकी पद्धतीत १एफ आणि ८बी असेल तर ती जीझिप या वेगळ्या प्रकारातली आहे, कोणीतरी फक्त आडनाव, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, बदललंय. आणि गणितातली 'पेक्षा लहान'ची कोनी खूण असेल तर तुम्ही झिप नाही, लॉगिनचं वेबपान उतरवून घेतलंय. ड्राइव्हच्या दुव्यावरून प्रोग्रामने फाइल ओढताना हे फार होतं.

सुरुवात पीके आणि तरीही नकार, तर शेपूट गेलेली आहे. झिपची अनुक्रमणिका पुस्तकाच्या मागच्या पानांवर असते आणि तिचा शेवट २२ बाइटांच्या एका छोट्या नोंदीने होतो. पायथन आधी मागूनच वाचायला लागतो. डाउनलोड ९९ टक्क्यांवर तुटला तर गेलेला १ टक्का नेमका अनुक्रमणिकेचा असतो. पाठवणाऱ्याकडून परत मागवा, दुरुस्त करत बसू नका. झिप तुमच्याच प्रोग्रामने लिहिली असेल तर मात्र क्लोज राहिलंय. अनुक्रमणिका लिहिली जाते ती क्लोजच्या वेळी. विथ वापरा, आणि लिहिताना तात्पुरतं नाव ठेवून पूर्ण झाल्यावर ओएस-रिप्लेसने खरं नाव द्या. म्हणजे मध्येच वीज गेली तरी कालची चांगली झिप शाबूत राहते. झिप उघडली म्हणजे आतलं सगळं नीट आहे असंही नाही. टेस्टझिप चालवा. तो प्रत्येक फाइलची बेरीज पडताळतो आणि पहिली बिघडलेली सापडली की तिचं नाव देतो, सगळं ठीक असेल तर नन, म्हणजे काही नाही.

झिप मुळाएवढीच झाली, कमी झालीच नाही, असं वाटलं तर झिपफाइल आपण होऊन दाबत नाही, नुसतं भरतं, हे लक्षात घ्या. डीफ्लेटेड सांगावं लागतं. सांगूनही जेपेग फारसे कमी होणार नाहीत, ते आधीच दाबलेले आहेत. कच्च्या टिफ स्कॅनमध्ये मात्र फरक दिसतो.

प्रोग्राम दर आठवड्याला चालवला की झिप फुगत जाते? ए मोडमध्ये, म्हणजे जुन्यात भर घालायला, उघडताय. त्या मोडमध्ये जुनी फाइल जाग्यावर राहते आणि त्याच नावाची नवी मागे लागते. पायथन इशारा देतो, पण तो लॉगमध्ये कोण वाचतो. नावाने मागितली की शेवटची मिळते म्हणून चूक लवकर ध्यानातही येत नाही. डब्ल्यू मोडमध्ये नव्याने लिहा.

"१९८० पूर्वीची वेळ चालत नाही" हा एरर स्मरणिकेच्या वर्षाचा नाही, काका. तो फाइलच्या तारखेचा आहे. फोनचं घड्याळ बिघडून फाइलवर १९७० ची तारीख पडली की येतो. पायथन ३.८ पासून स्ट्रिक्ट-टाइमस्टॅम्प्स फॉल्स केलं की १९८० लिहून पुढे जाता येतं. पासवर्डची झिप: जुन्या पद्धतीची असेल तर पायथन उघडतो, पण सावकाश. एईएस ही नवी पद्धत असेल तर झिपफाइलला जमत नाही, आणि पासवर्ड घालून लिहिणं तर त्याला मुळीच येत नाही.

झिपऐवजी टार-जीझेड हा दुसरा गठ्ठा कोणी पाठवलाच, तर पायथन ३.१२ किंवा पुढच्यावर एक्स्ट्रॅक्टऑल करताना फिल्टरला 'डेटा' द्या. टारमधलं नाव दोन टिंबांनी फोल्डराबाहेर चढू शकतं. ३.१४ मध्ये हा फिल्टर आपोआप लागतो, झिपफाइल अशी नावं आधीपासूनच छाटतं.

सध्या राहिलेलं एकच दुखणं आहे, 'ॲल्बम'. हा शब्द आमच्याकडे तीन प्रकारे लिहिलेला येतो. एकात अखंड ॲ, दुसऱ्यात अ वर सुटा चंद्र, तिसऱ्यात हिंदी पद्धतीचा ए वर चंद्र. एनएफसी या तिघांना एक मानत नाही. एवढ्यासाठी तक्ता करायचा कंटाळा आला, म्हणून वहिनींना सांगितलं, फोल्डरचं नाव सरळ 'फोटो' ठेवत जा. परवा त्यांची झिप आली. फोनचा कीबोर्ड हिंदी, त्यामुळे फ च्या खाली नुक्ता. आणि एनएफसी ऱ ला जोडतं, पण नुक्त्याच्या अखंड फ ला मात्र तोडतं. उद्या बसतो परत.